उतरायचं बटण

आमच्या तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मामी कुणाचीही चूक तोंडावर सांगतात, आणि सांगता सांगता त्याच्या ताटात आणखी एक इडली वाढतात. म्हणून मी बनवलेला मोटरसायकलचा गेम आधी त्यांच्याच हातात दिला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. गाडीचं वजन, तोल, उतारावरचा वेग, सगळं गणित माझं स्वतःचं. दुसऱ्या दिवशी चेन्नईला नोकरीच्या मुलाखतीत तो गेम दाखवायचा होता.

मामींची गाडी चढावर पुन्हा पुन्हा उलटली. दर वेळी त्या पडद्यावरच्या स्वाराला विचारत, "अय्यो, लागलं का रे?"

मग मला लाडानं म्हणाल्या, "कण्णा, उतरायचं बटण कुठलं?"

"उतरायचं नसतं मामी. तोल सांभाळत पार जायचं."

"का? पुलाचा चढ आला की मी मामांच्या स्कूटरवरून उतरते. ते वर जाऊन थांबतात. तुझा माणूस फार हट्टी."

"उतरला तर गेम कुठे राहिला?"

"ते शिकलेल्यानं सांगावं."

अखेर त्यांची गाडी झेंड्यापाशी पोचली. आणखी एकदा बटण दाबलं असतं, तर जिंकल्या असत्या. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

"दमलाय. बसू दे त्याला."

"पण गेम कसा आहे?"

"सरि, बरं, इडली खा."

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "कुणी खेळून पाहिलाय?"

"आमच्या मामींनी. जिंकायची वेळ आली, तर जिंकल्याच नाहीत."

"म्हणजे आवडला की नाही?"

"सर, ते विचारायला मला परत तंजावूरला जावं लागेल."