कॉलरीमागचा आशिया

आशिया खंडाचा आर्थिक विकास कुठून निघाला, कुठे रेंगाळला आणि आता कुठल्या वाटेला लागला आहे, हे पुरतं समजलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो नात्याने माझा मामेसासरा लागतो. मोठमोठे विद्वान त्यासाठी जाडजूड अहवाल लिहितात. आमचे मामा समोरच्याची कॉलर धरतात. अक्षरशः धरतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा वसईकडे राजोडीजवळच्या त्यांच्या वाडीवर जेवायला गेलो आणि पाया पडायला वाकलो, तर आशीर्वादाचा हात डोक्यावर यायच्या ऐवजी मानेवर आला, शर्टाची कॉलर उलटली आणि कानाजवळ घोषणा झाली, "बांगलादेश! बसा, जावईबापू." तो शर्ट मी सेलमध्ये घेतला होता आणि घरी किंमत वाढवून सांगितली होती. माझी सगळी अब्रू कॉलरीमागे अडकली आहे असं मला उगाचच वाटलं. बायको स्वयंपाकघरात जाऊन हसत होती.

मामांच्या ओटीवर आशियाचा शाळेतला नकाशा टांगलेला आहे. कडा उंदरांनी खाल्ल्यामुळे जपान जरा आखूड झालाय. या नकाशावर मामा लेबलं टोचतात. जुने शर्ट, मोजे, छत्र्या, मुंजीत आलेल्या पिशव्या, कशाचंही लेबल ब्लेडने कापायचं आणि त्या त्या देशावर टाचणीने लावायचं. आमच्या नात्यात एकाही माणसाच्या शर्टाला आता लेबल उरलेलं नाही. सगळी लेबलं समुद्राच्या काठाकाठाने दाटीवाटीने लागली आहेत आणि खंडाचं मधलं पोट रिकामं आहे. "समुद्र सोडून विकास आत जात नाय," मामा सांगतात. "त्याला बोटीत चढायची घाई असते." तरीही मंगोलियावर त्यांनी एक टाचणी नुसतीच टोचून ठेवली आहे, पाहुणा येईल म्हणून पाट मांडून ठेवावा तशी.

विकासाबद्दलचं त्यांचं मत वाडीतूनच आलेलं आहे. विकास म्हणजे तोंडलीचा वेल. मांडव दिसेल तिकडे सरकतो. "जपानला वाटलं वेल माझा. मग कोरियाला वाटलं. मग चीनने एवढा मोठा मांडव घातला. आता व्हिएतनाम म्हणतो माझा. वेलाला कोणी विचारलंय काय?" देश ओळखायची त्यांची खूणही सोपी आहे. देश आधी बनियन शिवतो, मग शर्ट, मग चेनवाली पँट. त्यानंतर पंखा, मोबाईल वगैरे करतो. आणि ज्या दिवशी तो शिवायचं सोडून नुसतं घालायला लागतो, त्या दिवशी तो विकसित. मी एकदा आम्ही राहतो त्या एव्हरशाईन सिटी या वसाहतीचा विषय काढला. आमच्याकडेही कोणी काही शिवत नाही आणि घालायला कपाटं भरलेली आहेत, म्हणजे आम्ही विकसितच की! मामांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "टँकरचं पाणी पिणारा विकसित देश मी अजून पाहिला नाय, जावईबापू."

कॉलर धरताना मामा लहानमोठा असा भेद करत नाहीत. माझ्या मेहुणीला बघायला आलेल्या मुलाची कॉलर त्यांनी पोहे खाता खाता तपासली आणि आत येऊन सांगितलं, "कंबोडिया आहे. शिलाई चांगली. हो म्हणा." लग्न उत्तम चाललं आहे. एका गणेशोत्सवात एक पुढारी स्वदेशीवर तासभर बोलले. हार घालायची जबाबदारी मंडळाने ज्येष्ठ म्हणून मामांवर टाकली होती, आणि हे मंडळाचं चुकलंच. हार घालताना मामांचा हात सवयीने जाकिटाच्या कॉलरीमागे गेला आणि समोर चालू असलेल्या माइकमधून सगळ्या मैदानाने ऐकलं, "व्हिएतनाम!" पुढच्या वर्षी हाराचं काम खजिनदारांना देण्यात आलं.

आता मामा असे का झाले, तेही सांगतो, नाहीतर तुम्हाला हा नुसता वाडीतला विक्षिप्तपणा वाटेल. वाडी नारळाला पुरत होती, माणसांना पुरत नव्हती. म्हणून तरुणपणी मामा वसई पूर्वेच्या एका गाळ्यात चेकर म्हणून लागले. गाळ्यात परदेशी पाठवायचे शर्ट शिवले जायचे. शिवलेला प्रत्येक पीस मामांच्या टेबलावर यायचा. टाका वाकडा दिसला की रिजेक्ट. त्याच गाळ्यात खाडीकाठच्या मिठागरावरची एक डावखुरी मुलगी कॉलरीला लेबलं लावायची. तिच्या प्रत्येक लेबलाच्या एका कोपऱ्यात एक टाका जास्त असायचा, तोही तिरका. मामांनी तिचा अख्खा लॉट परत पाठवला. ती मशीनवरून उठून टेबलापाशी आली आणि म्हणाली, "लेबल गलून परला तं शर्ट कोनच्या देशाचा, ता कसा कलंल?" सहा महिन्यांनी मामांनी तिच्याशी लग्न केलं. लॉट मात्र पास केला नाही.

त्या आमच्या मामी. पुढे वेल सरकला. ऑर्डरी आधी एका देशात गेल्या, मग दुसऱ्यात, गाळा बंद पडला आणि आता तिथे जिम आहे. मामींच्या हाताखालून इतके शर्ट गेले, पण घरात त्यातला एकही नाही, कारण सगळा माल बोटीत चढायचा आणि गेटवर झडती असायची. मामींनी मागणं असं आयुष्यात एकच केलं, "माज्या हातचा एक शर्ट मना परत बघाचाय." तेव्हापासून मामा कॉलरी उलटताहेत. बांगलादेश, कंबोडिया, व्हिएतनाम हे सगळे त्या शोधात वाटेत भेटलेले लोक. गेल्या वर्षी मामींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही हळूहळू जाईल. त्यानंतर मामांनी कॉलर धरण्याआधी "जरा बघू" म्हणणंही सोडून दिलं. चर्चमधून बाहेर पडणारी अनोळखी माणसंसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटेनात. एकाने तर पोलिसांना बोलवायची भाषा केली.

यंदा नाताळात शेजारच्या मरीबायचा मुलगा परदेशातून आला आणि वाटून टाकायला जुन्या कपड्यांची मोठी पिशवी घेऊन आला. मामा सकाळपासून तिच्या ओट्यावर बसून एकेक कॉलर उलटत होते. दुसऱ्या दिवशी मला फोन. "जावईबापू, सापडला!"

मी गेलो. निळ्या रेघांचा, विटलेला शर्ट. कॉलरीमागे 'मेड इन इंडिया' आणि एका कोपऱ्यात एक तिरका टाका जास्त. मामींच्या डोळ्यांना आता रेघाही दिसत नव्हत्या. त्यांनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं, परत फिरवलं. मामा समोर उभे होते, परीक्षेचा निकाल ऐकायला पोरगा उभा राहावा तसे. मामी म्हणाल्या, "माजाच." मामांनी एकदम पाठ फिरवली आणि शहाळी काढतो म्हणून वाडीत निघून गेले. त्यांना झाडावर चढणं बंद होऊन दहा वर्षं झाली आहेत.

मी शर्ट हातात घेतला. लेबलाचा दोरा पिवळा पडला होता. कोपऱ्यातला तो एक टाका मात्र पांढराशुभ्र होता. मामींना माझं गप्प बसणं ऐकू आलं असावं.

"मशीनचा नाय तो, हाताचा हाय," त्या हळूच म्हणाल्या. "सारा जनम सरल टाक्यावर जीव टाकला त्यांनी. येवरा वाकरा टाका घालताना हात कसा कापला असंल." शर्ट परत मागून घेतला आणि मांडीवर नीट घडी करत म्हणाल्या, "रिजेक्टच करायला पायजे होता. पन मी पास केला. त्यांना सांगू नुको."

मी सांगितलं नाही. शर्ट मामींच्या उशाशी असतो. मामांनी नकाशावरची मंगोलियाची टाचणी काढून वसईवर टोचली आहे, तिच्याखाली लेबल नाही. मागच्या रविवारी मी नवा कोरा शर्ट घालून वाडीवर गेलो, पाया पडायला वाकलो आणि मान जरा जास्तच पुढे केली. मामांचा हात आला तो सरळ डोक्यावर. "सुखी राहा," म्हणाले. इतक्या वर्षांनी पहिला पुरता आशीर्वाद मिळाला, आणि मला रडू आलं. शर्ट कुठल्या देशाचा, ते मी अजून पाहिलेलं नाही.