प्रस्थानाची पिशवी

पुण्याचं तिकीट मीच काढलं, माझ्याच फोनवरून, आणि काढलं ते शनिवारी पहाटे पाचच्या गाडीचं. त्या शनिवारी अमावास्या आहे हे मला कुठून माहीत असणार? अप्पांना मात्र तिकीट बघितल्या बघितल्या कळलं. हुबळीच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि आमचे अप्पा साधे कुकर मागवायचे झाले तरी आधी पंचांग उघडतात.

"शनिवार, त्यात अमावास्या," ते म्हणाले. "शोधून शोधून हाच दिवस काढलीस की गं!"

दुसऱ्या कुठल्याच गाडीत जागा नव्हती आणि सोमवारी कागदपत्रं घेऊन कॉलेजात हजर व्हायचं होतं. नाही गेलं तर प्रवेश रद्द.

मी पुण्याला जाणार हे काही सुखासुखी ठरलं नव्हतं. त्यासाठी मी उन्हाळाभर भांडले होते. धारवाड आमच्यापासून पाऊण तासावर, तिथं पाऊल टाकाल तिथं कॉलेज. त्यातल्या एकात माझं नावही लागलं होतं. "सकाळी डबा घेऊन जायचं, संध्याकाळी घरी यायचं, ह्यात वाईट काय हाय?" हा अप्पांचा एकच प्रश्न. सकाळी डबा घेऊन जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं, नेमकं हेच मला नको होतं. पण ते त्यांच्या तोंडावर कसं सांगणार? म्हणून मी चांगला विषय, चांगले प्राध्यापक असं काहीबाही सांगत राहिले. शेवटी आई मध्ये पडली आणि अप्पा "जा बाई" म्हणाले. जिंकल्यावर चार दिवस मला आकाश ठेंगणं झालं. पाचव्या दिवशी आईनं हॉस्टेलसाठी नवी उशी आणली, आणि ती बघून मी न्हाणीघरात जाऊन रडले. उशीत रडण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक, पण चांगली पंधरा मिनिटं रडले.

तर अमावास्या. आपल्याकडं प्रत्येक अडचणीला शास्त्रात एक पळवाट असतेच, आणि ह्या अडचणीवरची पळवाट म्हणजे प्रस्थान ठेवणं. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर आपल्या सामानातली एखादी पिशवी शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. पिशवी निघाली म्हणजे माणूस निघालं. मग खुशाल अमावास्येला निघा, जाता जाता पिशवी उचला, झालं. अट एवढीच की एकदा उंबऱ्याबाहेर पडलेली पिशवी परत घरात आणायची नाही. आणली तर प्रवास मोडला.

मुहूर्त निघाला गुरुवारी सकाळी दहा चाळीसचा. दहा पस्तीसला अप्पा हातात मोबाइलमधलं घड्याळ धरून दारात उभे, आणि मी पिशवी शोधत घरभर. आईनं तांदूळ, सुपारी आणि हळकुंडाची पुरचुंडी माझ्या हातात कोंबली. वर टॉवेल असलेली एक निळी पिशवी दिसली. मी पुरचुंडी तिच्यात टाकली आणि जिना उतरले.

आमच्या खाली, तळमजल्यावर, अक्कोरू राहतात. इकडं शाळेतल्या बाईंना अक्कोरू म्हणतात. ह्या कन्नड शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी सगळ्या गल्लीच्या त्या अक्कोरूच. "बा, बा, ये आत," म्हणत त्यांनी पिशवी घेतली आणि देवाजवळ ठेवली.

"आता तू गेलीस बघ," त्या मला म्हणाल्या. "वर राहायली ती नुसती पाहुणी."

हे मी फारच मनावर घेतलं. दोन दिवस एका ताटाला हात लावला नाही. पाहुण्यांनी भांडी घासायची असतात का? दुपारचा चहासुद्धा मी सोफ्यावर बसून मागितला. आई म्हणाली, पाहुणीनं आता लवकर जावं. मी हसले, पण चहा अर्धाच प्यायले.

शुक्रवारी संध्याकाळी आई दुकानात बसली आणि अप्पा माझं सामान तपासायला घरी आले. ते यादी वाचायचे, मी वस्तू दाखवायची. चादर. चप्पल. सर्दीचं औषध. "फाइल?" अप्पांनी विचारलं. गुणपत्रिका, दाखले, सगळे मूळ कागद त्या फाइलीत होते. ट्रंकेत नव्हती. पाठीवरच्या सॅकमध्ये नव्हती. सगळं उपसलं, गादीसुद्धा उचलून बघितली, आणि मग एकदम मला आठवलं. विसरायला नको म्हणून बुधवारी सगळ्यात आधी मी तीच भरली होती. निळ्या पिशवीत, टॉवेलाच्या खाली.

आम्ही दोघं खाली धावलो. अक्कोरूंच्या दाराला कुलूप. फोन लावला तर बंद. समोरच्या फुलवाल्या बाईनं सांगितलं, दुपारीच लेकीकडं धारवाडला गेल्या. तिकडं गेल्या की त्या हमखास मुक्काम करतात. माझी गाडी पहाटेची आहे हे त्यांना आईनं सांगितलं असेल असं मला वाटत होतं, आणि आईला वाटत होतं मी सांगितलं असेल.

अप्पांनी पुन्हा फोन लावला. पुन्हा लावला. लेकीचा नंबर कुणाकडं आहे का, म्हणून गल्लीत चार घरी जाऊन आले. मी अक्कोरूंच्या पायरीवर बसून होते.

आता खरं सांगते. कुलूप बघितलं त्या क्षणी मला बरं वाटलं. चक्क आनंद झाला. कागद नाहीत म्हणजे जाता येणार नाही, आणि त्यात माझी काही चूक नाही! मंगळवारी धारवाडच्या कॉलेजात जायचं, संध्याकाळी घरी यायचं. ज्याच्यासाठी उन्हाळाभर घर डोक्यावर घेतलं तेच हातातून निसटत होतं, आणि मी आतून उड्या मारत होते. माझी मलाच लाज वाटली.

त्याहून वाईट पुढंच आहे. अक्कोरूंची दुसरी किल्ली आमच्या स्वयंपाकघरात, दारामागच्या खिळ्याला टांगलेली असते. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी, कधी आठ दिवसांनी येतं, आणि आलं की कोण घरात नाही हे बघत नाही. त्यामुळं शेजाऱ्याची किल्ली शेजाऱ्याकडं असतेच. अक्कोरू नसतील तेव्हा त्यांचं पिंप आम्ही भरतो. लाल दोऱ्याची ती किल्ली कुलूप दिसल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढं आली होती. आणि मी अर्धा तास गप्प बसले होते.

अप्पा परत येऊन माझ्याशेजारी बसले. शर्ट घामानं भिजला होता. त्यांच्याकडं बघून मला राहवेना.

"अप्पा, त्यांची किल्ली आपल्याकडं हाय की."

"हाय," अप्पा म्हणाले. आश्चर्य नाही, काही नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"परवा पाणी आलं तेव्हा त्यांचं पिंप कोण भरलं? मीच की." ते चपलेकडं बघत होते. "तुला कधीपासनं आठवायलंय?"

"कुलूप बघितल्यापासनं."

"मला पण," अप्पा म्हणाले.

आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि हसत सुटलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण आम्हा दोघांनाही कळसा काखेत आहे हे पक्कं माहीत होतं, आणि दोघंही तो घट्ट दाबून धरून बसलो होतो. फुलवाली बाई आमच्याकडं बघतच राहिली.

मग मी वर जाऊन किल्ली आणली. दार उघडलं. पिशवी देवाजवळ होती, टॉवेलाखाली फाइल होती, कागद सगळे जागच्या जागी होते. मी पिशवी उचलून छातीशी धरली. अप्पा दारातच थांबले होते.

"धारवाडची जागा मंगळवारपर्यंत हाय," ते हळूच म्हणाले. "पिशवी वर न्यायची असली तर ने. मी काही बोलणार नाही."

पंचांगाशिवाय पान न हलवणारा हा माणूस माझं प्रस्थान मोडायला तयार होता. नुसतं हो म्हणायचं, चौदा पायऱ्या चढायच्या, की सगळं पहिल्यासारखं झालं असतं. मला ते हवं होतं. आणि तरीही मी मान हलवली.

"मला जायचंय, अप्पा," मी म्हणाले. रडत म्हणाले, पण म्हणाले. "विषयासाठी वगैरे नाही. मला एकटीनं राहून बघायचंय."

"मग तसं सांगायचं की आधीच," अप्पा म्हणाले. त्यांचाही आवाज धड नव्हता.

मी पिशवी होती तिथं ठेवली. अप्पांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि म्हणाले, "साडेतीनला उठवतो." मग ते पुन्हा पायरीवर बसले. मीही बसले. आई दुकान बंद करून येईपर्यंत आम्ही तिथंच होतो, कारण वर जायची घाई दोघांनाही नव्हती.