काविळीची माळ

अकोल्याच्या एका दवाखान्यात एक बाई माझ्या शेजारी बाकावर बसल्या होत्या. नाव मी विचारलं नाही. डोळे हळदीसारखे पिवळे आणि उजवा हात सारखा बरगडीखाली दाबलेला. गळ्यात काविळीची माळ होती, बारीक काड्या दोऱ्यात गाठवून केलेली. कावीळ उतरते तशी ही माळ लांबत जाते, असं गावोगाव मानतात. त्यांची तर पोटापर्यंत आली होती.

नवरा चहा आणायला गेला, तेव्हा त्याच्या पाठीकडे बोट दाखवत त्या आपणहून बोलल्या.

"यायचं पोट दुखलं तं दुसऱ्याच दिवशी अमरावतीले नेलं. सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडा दिसला, पिशवीच काढून टाकली. माहं त्याच जागी दुखे, तं समदे म्हणत, उपास बाधला. आता माह्या पिशवीत कॅन्सर निंगाला. डाक्टर म्हणे, हा रोग बायाईलेच जास्त होते. म्या म्हटलं, होईनच ना. माणसाईले सोनोग्राफी भेटते, बायाईले ओवा."

मी माळेकडे पाहिलं.

"काड्या वाळल्या का गाठी सैल होतेत, मंग माळ लांबते," त्या म्हणाल्या. "डाक्टरनं यायलेबी सांगतलं, पन यायचा भरोसा माळेवर."

नवरा आला. त्यानं चहा बशीत ओतून, फुंकून त्यांच्या ओठांशी धरला आणि आनंदानं मला म्हणाला, "पाहा ना भाऊ, केवढी वाढली!"

"हो ना," बाई त्याच्याकडे पाहत म्हणाल्या, "उतरून राहिली."