विद्याताईंचा हेवा

विद्याताईंशी माझी ओळख झाली ती त्यांना माझा हेवा वाटला म्हणून.

सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या थेरपी सेंटरमध्ये माझी सई गादीवर पालथी पडून एक लाकडी ठोकळा उचलायची खटपट करत होती. ती तीन वर्षांची होती, पण सेरेब्रल पाल्सीमुळे आधाराशिवाय बसू शकत नव्हती. ठोकळा एकदाचा तिच्या हातात आला, तशा शेजारच्या खुर्चीवरच्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मराठी आहात ना? मग सांगूनच टाकते. मला तुमचा फार हेवा वाटून राहिला."

त्यांनी मांडीवरच्या मुलाकडे बोट दाखवलं. "हा ओजस. पाच वर्षांचा आहे. याच्या मुठीच उघडत नाहीत. तुमच्या पोरीची उघडली, म्हणून पोटात दुखलं. बोलून टाकलं की मला बरं वाटतं. तुम्ही राग मानू नका."

विद्याताई नागपूरच्या. जवळच्याच एका कंपनीत इंजिनियर होत्या, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग तपासायच्या. नवरा मिलिंद बेटाच्या दुसऱ्या टोकाला, तुआसच्या कारखान्यात, पहाटेच घर सोडणारा. आमच्या आणि त्यांच्या ब्लॉकच्या मधे खाण्याच्या गाळ्यांचं फक्त एक हॉकर सेंटर होतं, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी आम्ही दोघी तिथे कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत बसायचो, आपापल्या मुलांच्या चाकांच्या खुर्च्या टेबलाला लावून. त्यांचं निरीक्षण भारी आणि जीभ त्याहून भारी. एकदा ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत एक आई पोरावर ओरडत होती, "डोंट रन, लाह!" विद्याताई थांबल्या. "ऐकलंस मुग्धा? 'धावू नको' म्हणते. केवढी श्रीमंत बाई आहे ही!"

सईच्या जन्माच्या वेळी आम्ही तिच्या नाळेचं रक्त साठवून ठेवलं होतं. माझ्या नवऱ्याला कोणीतरी पटवलं आणि तो सही करून मोकळा झाला, इतकंच. त्यातल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, आता सईलाच परत देता येतील असं डॉक्टर म्हणाले. खात्री कशाचीच नाही, उपचार अजून अभ्यासाच्या पातळीवर आहे, पण पेशी तिच्याच असल्यामुळे धोका कमी. आम्ही हो म्हणालो.

विद्याताईंना सांगणं मात्र मला त्या होकारापेक्षा जड गेलं. ओजस नागपूरला झाला होता. त्याची नाळ कुठल्या बादलीत गेली हे कोणाला माहीत असणार? मी कोपी पिताना कसंबसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, कप ठेवला, ओजसच्या खुर्चीचा ब्रेक काढला.

"आज मी घरी जाते," त्या म्हणाल्या. "आज हेवा नाही गं, आज राग आहे. आणि तो तुझ्यावर निघायला नको."

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. पेशी किती टिकल्यात, तपासल्या का, ताप आला तर काय करायचं, असे प्रश्नावर प्रश्न. उपचाराच्या दिवशी त्या रजा टाकून हॉस्पिटलमध्ये हजर होत्या. एवढीशी पिशवी, त्यात गडद लाल रक्त, नळीतून थेंब थेंब सईच्या हातात जाणारं. थोड्या वेळाने तिच्या श्वासाला लसणासारखा वास यायला लागला. नर्स म्हणाली, रक्त गोठवताना त्यात जे औषध घालतात त्याचा तो वास. सईचे पाय आपल्या मांडीवर घेऊन बसलेल्या विद्याताई हसल्या. "एवढे दिवस मी ज्याच्यासाठी जळले, त्याला फोडणीचा वास येतो होय!" आणि हसता हसताच डोळे पुसत बाहेर गेल्या.

काही महिन्यांनी सई आधाराशिवाय बसायला लागली. पेशींमुळे, की थेरपीमुळे, की वय वाढलं म्हणून, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण पेशींमुळेच, हे मिलिंदच्या मनात पक्कं बसलं. त्याने दुसऱ्या देशातलं एक क्लिनिक शोधलं. तिथे परक्या माणसाच्या पेशी मणक्यातून टोचत आणि मूल चालेल असं सरळ सांगत. विद्याताईंनी क्लिनिकला फोन लावला तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी एकच विचारलं, "उपयोग झाला नाही, अशी किती मुलं आहेत?" पलीकडून उत्तर आलं, असं एकही मूल नाही. त्यांनी फोन ठेवला.

"मग नाही," त्या मिलिंदला म्हणाल्या. "ज्यांच्याकडे एकही चूक नाही, ते मोजतच नाहीत."

"तुला तो बरा व्हायलाच नकोय," मिलिंद म्हणाला. माझ्यादेखत म्हणाला. तरी विद्याताईंच्या नाहीचं हो झालं नाही. त्या घरात मग बरेच दिवस दोघं फक्त ओजसशी बोलत होती.

पुढच्या वर्षी त्यांना दिवस गेले. लोक कुजबुजायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं, "हो, नाळेसाठीसुद्धा. भावंडाचं जुळलं तर देता येईल का, ते डॉक्टर बघतो म्हणालेत. पण मूलही हवंय मला. दोन्ही खरं आहे." मुलगी झाली. नाव ठेवलं मैत्री. नाळेचं रक्त तपासायला गेलं आणि थोड्याच दिवसांत उत्तर आलं. विद्याताई ओली बाळंतीण, तरी लेकीला छातीशी धरून माझ्या दारात उभ्या. "नाक जुळलं गं दोघांचं, रक्त नाही जुळलं."

मैत्री वर्षाची व्हायच्या आत चालायला लागली आणि आता जळायची पाळी माझी होती. सईचं बसण्याच्या पुढे काहीच सरकत नव्हतं. त्यांच्या घरी जावं तर ती पोर टेबलाखालून शिरायची, चपला पळवायची, आमच्यामधून गोल गोल धावायची. तिच्या पावलांचा आवाज मला सहन होईना. ओजसचं जेमतेम चाललंय तोवर मी विद्याताईंची मैत्रीण होते. आता त्यांच्या घरात एक धावणारं मूल होतं आणि माझ्या घरात नव्हतं. मी कामं काढून जायचं टाळू लागले.

एका दुपारी त्या स्वतःच आल्या, एकट्या. चहा नको म्हणाल्या. "बोल," म्हणाल्या. "मी तुला तोंडावर बोलायची. तू का गिळून राहिली?"

"मला तुमच्या मैत्रीकडे बघवत नाही," मी म्हणाले आणि रडायलाच लागले.

त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मलाही नाही बघवत." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तिने पहिलं पाऊल टाकलं ना, तेव्हा मिलिंद व्हिडिओ काढत होता आणि मी भिंतीकडे तोंड केलं. माझ्या ओजसचं सगळं हिला कसं फुकटात मिळालं? पोटच्या पोरीचा हेवा, मुग्धा. हे कोणाला सांगू?"

"आणि ओजस? त्याला काय वाटतं?"

"तो?" त्यांचा चेहरा बदलला. "तो तर खदखदा हसून राहिला होता. ती पडली की हसतो, उठली की आणखी हसतो. त्याच्या अंगात हेवाच नाही. सगळा मीच घेतला."

त्यानंतर आमच्यात लपवण्यासारखं काही उरलं नाही. सई सहा वर्षांची झाली तेव्हा मिलिंदची नोकरी सुटली, त्यासोबत सगळ्यांचा इथे राहायचा पासही, कारण विद्याताईंची नोकरीही त्याच्याच पासवर होती, आणि ती चौघं नागपूरला परतली. चांगी विमानतळावर विद्याताईंनी सईचा पापा घेतला, मला म्हणाल्या, "तुला इथे राहायला मिळतंय. जळते मी," आणि ओजसची खुर्ची ढकलत आत गेल्या.

फोन चालू राहिले. ओजसची पाठ वाकत चालली होती, एकदा न्यूमोनियातून जेमतेम वाचला. सई वॉकर धरून खोली ओलांडायला शिकली, ते मी त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्या रीतसर जळल्या आणि रीतसर सांगितलंही.

मग काही वर्षांनी एका संध्याकाळी फोन आला. विद्याताईंचा आवाज कापत होता. मी विचारलं, "ओजस बरा आहे ना?"

"बरा आहे गं. मैत्री शाळेतून रडत आली. तिच्या वर्गातली सगळी पोरं घरी येतात ती ओजसदादाकडे. त्याला हसवायची शर्यत लावतात. हिच्याशी कोणी खेळत नाही. म्हणते, मला पण दादासारखी खुर्ची पाहिजे. सगळ्यांना तोच का आवडतो?"

मला वाटलं त्या रडताहेत. पण त्या हसत होत्या, धाप लागेपर्यंत.

"मुग्धा," त्या म्हणाल्या, "माझ्या ओजसचा कोणाला तरी हेवा वाटून राहिला!"