मामांनी निवडलेलं पेडल

आमच्या मामेसासऱ्यांच्या संमतीशिवाय पुण्यात कुठलीही वस्तू विकत घेता येणार नाही, असा कायदाच व्हायला हवा होता. बाजारपेठा ओस पडल्या असत्या हे खरं, पण घरोघरी निदान एक वस्तू तरी धड असती. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. शनिवार पेठेत त्यांनी चाळीस वर्षं रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले आणि आता अठ्ठ्याहत्तरीत ते लोकांचे निर्णय दुरुस्त करतात. झाडू घ्यायचा तर आधी दुकानदाराचं दुकान झाडून बघतील. मार्केट यार्डाजवळ एकदा कलिंगडावर इतका वेळ थापा मारत बसले, की विक्रेता वैतागून म्हणाला, "आजोबा, कलिंगड घ्यायचंय की तबला?" मामा तळहात न उचलता म्हणाले, "तबला घ्यायचा असता तर तुमच्याकडे आलो नसतो." त्यांच्या दारावर पाटी आहे: 'बेल वाजवू नये. दार ठोकावे. आम्ही घरातच असतो.' बेल उत्तम चालू आहे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बेल काय, कुणीही वाजवतं. दार ठोकायला ओळख लागते."

गेल्या वर्षी माझी आयटीतली नोकरी गेली. त्यानंतर आठ महिने माझी गिटार पलंगाखाली पडून होती आणि मी पलंगावर. कॉलेजातल्या आमच्या बँडच्या मित्राचा फोन आला, "महिन्याभराने कार्यक्रम आहे, ये की वाजवायला." मी म्हणालो, त्या गाण्याला ऑक्टेव्ह फझ लागतं, माझ्याकडे ते पेडल नाही. पेडल म्हणजे पायाने दाबायची वीतभर डबी. ती गिटारचा सूर घोगरा करते आणि त्याच्या डोक्यावर त्याचाच वरच्या सप्तकातला सूर बसवते. सा छेडला की वर आणखी एक सा. पण खरं सांगू? ती निव्वळ सबब होती. मला लोकांसमोर उभंच राहायचं नव्हतं. बायकोला ते कळलं आणि तिने मामांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मामा बिबवेवाडीत आमच्या घरी हजर. मी म्हणालो, "मामा, कशाला त्रास? मी ऑनलाइन वाचून मागवीन."

"जावईबापू, भजी तुम्ही वाचून खाता की चाखून?"

झालं! जुन्या ओळखीतून मामांनी तीन पेडलं उसनी आणली आणि नियम घातला. एकेक पेडल आठ दिवस, रोज संध्याकाळी पाच वाजता, एकच धून. माझा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आधी पंधरा मिनिटं तापवायचा, कारण "व्हॉल्व्ह तापल्याशिवाय खरं बोलत नाही." अ‍ॅम्पचा आवाजही त्यांनी बेताचा ठेवायला लावला, तोच फाटायला लागला तर वरचा सा त्यात बुडून जातो म्हणे. मग ते स्टुलावर बसायचे, तळहात अ‍ॅम्पवर आणि डोळे थेट माझ्या तोंडावर. तीन आठवडे कुणी असं टक लावून बघितलं तर माणूस कबुलीजबाब देईल हो!

पहिल्या पेडलाला आठव्या दिवशी त्यांनी नापास केलं. "हे नको. तुम्ही दात आवळता." दुसरं आवाजाने गुळमुळीत होतं, मला तर बरं वाटलं होतं. मामा म्हणाले, "घड्याळाकडे बघत वाजवताय. नको." तिसरं लावलं आणि पाचव्या की सहाव्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, धून संपली तरी मी थांबलोच नाही. वरचा सा असा लख्ख लागला, की सहा वाजून गेले तरी मला पत्ता नाही. मामा उठले, गुडघे चोळले आणि म्हणाले, "हेच. आता चहा टाका."

कार्यक्रमात मी वाजवलं. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन शनिवार पेठेत गेलो आणि आनंदाच्या भरात पाटी विसरून बेल दाबली. उघड्या खिडकीतून मामा समोर दिसत होते, बेलच्या अगदी खाली बसून पेपर वाचत. बेल कर्कश किंचाळत होती आणि मामांनी शांतपणे पान उलटलं. मामींनी आतून येऊन दार उघडलं. हळूच म्हणाल्या, "अहो, वरच्या पट्टीतलं काही ऐकू येत नाही त्यांना, तीन वर्षं झाली. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मीच मोजते. कुणाला सांगू देत नाहीत."

मी पेढ्यांचा पुडा हातात धरून मामांसमोर जाऊन उभा राहिलो. "मामा, मग तो वरचा सा?"

मामांनी मामींकडे एकदा रागाने पाहिलं, मग चष्मा काढून पुसत बसले. "मला कुठला ऐकू येतोय तो," ते म्हणाले. "तुम्हाला ऐकू येतोय की नाही, तेवढं बघत होतो."

मला नवी नोकरी लागायला पुढे आणखी चार महिने गेले, पण ते मी उभ्याने काढले, आणि ते उपकार मामांचे. अजूनही रविवारी ते येतात, अ‍ॅम्पवर तळहात ठेवून बसतात. हल्ली खालचे सूरही त्यांना जरा कमीच ऐकू येतात. मी वाजवत राहतो आणि वरचा सा लागला की मान वर करून त्यांच्याकडे बघतो. तेवढ्याने त्यांना तो ऐकू जातो.