वरची काच

डिसेंबर १९७१, युद्धाचा पहिला आठवडा. खोलीत हजर: मेहरा साहेब, शेखभाई आणि मी. हजेरी सवयीने लिहिली. पुढचे मात्र आजवर कुणालाही, अगदी ह्यांनासुद्धा, सांगितलेले नाही.

आधी काम काय होते ते सांगते. पाकिस्तानातली उर्दू वर्तमानपत्रे तिसऱ्या देशातून फिरत फिरत दिल्लीत आमच्या टेबलावर यायची. मोठ्या बातम्या दुसरे लोक वाचत. आमच्याकडे बारीक मजकूर — कुठली गाडी रद्द झाली, कुठली शाळा रिकामी करायला सांगितली, कुणाचे लग्न अलीकडे ओढले. त्यावरून फौजा कुठे सरकताहेत, जहाजे कधी निघतील, याचा अंदाज. शेखभाई आणि मी दोघे औरंगाबादचे, निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, म्हणून तिथे. त्यांची नजर माझ्यापेक्षा तेज होती. कपाट आणि त्याची किल्ली माझ्याकडे. कागद घरी न्यायचा नाही, हा नियम मीच लिहून दारामागे लावला होता.

त्या संध्याकाळी ब्लॅकआउटच्या आत बस गाठायची होती. कराचीच्या एका अंकाचा गोषवारा राहिला होता. अंक पिशवीत टाकला. दुसऱ्या कुणी टाकला असता तर? — मी त्याला सोडले नसते.

घरी सगळी कॉलनी काचांना कागद चिकटवत होती. मी पिशवी ठेवून शेजारी मेणबत्त्या मागायला गेले. परत आले तर दिवे बंद, काम आटोपलेले. ह्यांनी मैद्याची खळ करून हाताला लागेल ती रद्दी लावली होती. ह्यांना उर्दू येत नाही.

सकाळी शेखभाई म्हणाले, "ताई, कालचा कराचीचा अंक काढा ना. मच्छीमारांना सूचना होती — रात्री बंदराबाहेर जाऊ नका म्हणून. उगाच नाही अडवत कोळ्यांना. जहाजं निघणार असतील."

पिशवीत अंक नव्हता. मी म्हणाले, कपाटात ठेवला होता. तेव्हा वाटले — घरी राहिला असेल, उद्या आणून ठेवू.

संध्याकाळी तो दिसला. स्वयंपाकघराच्या खिडकीत, सगळ्यात वरच्या काचेवर, सूचनेची बाजू आत. मच्छीमारांची सूचना खालून वाचता येत होती. ओले फडके फिरवले असते तर निघाला असता. पण खळ लागलेला कागद साहेबांपुढे ठेवायचा म्हणजे — तो कुठून आला, हेही ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी मेहरा साहेबांनी दोघांना उभे केले. "शेख, वो खबर आप ही को याद है, और वही अखबार गायब?"

"याद है, इसीलिए तो माँग रहा हूँ, साहब."

साहेब माझ्याकडे वळले. मला गप्प राहता आले असते. गप्प राहणेही वाईटच, पण मी तेवढ्यावर थांबले नाही. मी म्हणाले, "चाबी मेज़ पर पड़ी रहती थी, साहब. कोई भी ले सकता था."

किल्ली कधीच टेबलावर नसायची. ती माझ्या कमरेला असायची, आणि शेखभाईंना ते माहीत होते. ते साहेबांकडेच बघत राहिले.

कागद नाही म्हणून सूचना वर गेली नाही. गेली असती तर काही फरक पडला असता? मला माहीत नाही. शेखभाईंचे काय झाले ते माहीत आहे. आठवड्याच्या आत त्यांना दुसऱ्या इमारतीत प्रवासभत्त्याच्या बिलांवर बसवले. कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणे, "शेखसाब, आज का अखबार पढ़ लिया या खा गए?" लोक हसत. मी चहा ढवळत असे. बढती मला मिळाली.

युद्ध संपल्यावर खिडक्या साफ केल्या. वरच्या काचेला हात पोचत नाही, असे मी घरात सांगितले. स्टूल होते.

शेखभाई आणि भाभी दर दिवाळीला फराळाला येत. पुढच्याच दिवाळीला ते हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला. मग रुमालाला हात पुसत बाहेर आले, चकली उचलली.

"ताई, वरची काच राहिलीय तुमची," म्हणाले. आणि मग, "चकली यंदा खुसखुशीत झालीय."

त्यांची नजर तेज होती, हे वर लिहिलेच आहे. त्यानंतरही ते दर दिवाळीला आले. हात मात्र अंगणातल्या नळावर धुवत.

गेल्या वर्षी ते होते त्याच जागेवरून निवृत्त झाले आणि औरंगाबादला गेले. मी स्टेशनवर पोचवायला गेले होते. वाटेत खायला डबा दिला. 

आता आम्ही हे क्वार्टर सोडतो आहोत. फरिदाबादचे घर तयार आहे. गॅसची बदली झाली. दुधाचे टोकन परत केले. रेशनकार्डावर नवा पत्ता चढला. पडदे उतरवले, ट्रंका बांधल्या, शेजारणीचा पाटा परत गेला.

वरची काच राहिली आहे.