किसनच्या खताला दोष नव्हता

किसन गेल्याचा फोन त्याच्या मुलाने जालन्याहून केला. "काका, बा गेले," एवढंच तो बोलला. मागे दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. मी अंगणात बाजेवर बसलो होतो. वाईट वाटलं, पण त्याच्याही आधी, क्षणभर, सुटल्यासारखं वाटलं. आता तो प्रश्न मला कोणी विचारणार नाही... लहानपणापासूनचा मित्र गेल्यावर मनात पहिलं हे आलं. त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

धावडा गावात आमची आळी उतारावर आहे. वरच्या टोकाला माझं घर, खालच्या टोकाला किसनचं. त्याच्या वाडवडिलांची मेंढरं होती. तो शेती करायचा, तरी दारात थोड्या मेंढ्या असायच्याच. मी शेती खात्यात नोकरी केली, गावोगाव फिरून पिकांवरचे रोग कसे ओळखायचे ते सांगत असे. शाळेत एका बाकावर बसलेला हा गडी मला मुद्दाम 'सायेब' म्हणायचा. "सायेब, तुमी पगार घेऊन शेती शिकिवली, आमी बिनपगारी करून राह्यलो," असं चारचौघांत म्हणून मोठ्याने हसायचा.

भाऊबीज झाली की आमच्या आळीत परसातल्या बटाट्याची गडबड सुरू होई. सगळ्यांचं बेणं माझ्या ओसरीवर यायचं. बायका एकाच विळीवर डोळे बघून फोडी करायच्या, राखेत घोळवायच्या. किसन घरटी टोपलंभर लेंडीखत द्यायचा. शिवरात्रीला ज्याच्या-त्याच्या परसातले बटाटे उकडले जात आणि वाटी या घरातून त्या घरात फिरायची.

मी निवृत्त झाल्यानंतरच्या एका वर्षी माझं बेणं साठवणीत सडलं. बाजारातून खायचे बटाटे आणले, मोड आलेले बघून. खायच्या बटाट्याचं बेणं करू नका, हे मी आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं. परसातल्या दोन वाफ्यांसाठी कोण चांगलं बेणं शोधत बसणार, असं मनाशी म्हटलं. विळीवर माझ्या बटाट्यांपैकी एक चिरला गेला तेव्हा सालीच्या आत तपकिरी कडं दिसलं. दाबलं तर चिकट पाणी आलं. मी ओळखलं. तेवढा बटाटा उकिरड्यावर टाकला. विळी जाळावर धरून, पुसून घ्यायला हवी होती. पण सगळ्यांसमोर उठून विळी मागितली असती, तर का, ते सांगावं लागलं असतं. माझ्यानंतर त्याच विळीवर सगळ्या आळीचं बेणं चिरलं गेलं.

रोपं वीतभर झाली आणि भर दुपारी माना टाकायला लागली. पानं हिरवीच, संध्याकाळी पुन्हा ताठ. लोकांना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून त्यांनी पाणी वाढवलं. ते पाणी माझ्या वाफ्यातून निघून उताराने घराघराच्या परसात जात होतं. मी एक देठ कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात धरला. थोड्या वेळात देठातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरायला लागले. मर रोग. लागल्यावर याला औषध नाही. रोगट झाड मुळाखालच्या मातीसकट उपटायचं, पाणी तोडायचं आणि त्या मातीत काही वर्षं बटाटा, टोमॅटो, वांगं, मिरची यांतलं काही लावायचं नाही. त्या दिवशी एवढं बोललो असतो तर खालची दोन घरं तरी वाचली असती. मी कोणी उठायच्या आत माझी रोपं उपटून टाकली आणि गप्प बसलो.

शेवटी सगळी आळी माझ्या दारात आली. सदाशिव, किसनच्या शेजारचा, म्हणाला, "भाऊसाहेब, एका घरचं असतं तर समजलो असतो. सगळ्यांचंच कसं काय गेलं?" सगळ्यांत सारखं काय होतं? विळी माझ्या ओसरीवरची, पाणी माझ्या वाफ्यातलं. आणि खत किसनचं. मी म्हणालो, "लेंडीखत कच्चं होतं."

माना किसनकडे वळल्या. सदाशिव हसत बोलला, "किसन, तू आपली मेंढरं हाक बाबा. खत वाटायचं काम तुझं न्हाई." किसन एरवी असा टोमणा दुप्पट परत करायचा. त्या दिवशी तो खाली बघून म्हणाला, "सायेब बराबर सांगतेत. मह्याच हातून झालं." त्या 'सायेब'मध्ये थट्टा नव्हती. पुढेही कधी आली नाही.

त्याने खत वाटणं बंद केलं. परसात खड्डा खणून सगळं त्यात टाकलं. दर बाजारच्या दिवशी ते खालीवर उलथायचा, पाणी शिंपडायचा. दिवाळीनंतर मूठभर कागदात बांधून माझ्याकडे आणायचा. "सायेब, बघा बरं. आता कुजलं का?" पहिल्याच वर्षी ते चहाच्या भुकटीसारखं भुरभुरीत होतं. मी म्हणालो, "अजून एक साल थांब." पुढच्या वर्षीही तेच... खत चांगलं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, की मग रोपं कशाने गेली? किसनने पुन्हा बटाटा लावला नाही. जालन्याला दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी भिंतीला धरत, धापा टाकत तो आला. हातात कागदाची पुडी होती. मी म्हटलं, "आधी बरा होऊन ये, मग बघू." तो पुडी घेऊन परत गेला.

तेरावं झाल्यावर मी गयावहिनींना, त्याच्या बायकोला, सगळं सांगितलं. त्या ज्वारी निवडत होत्या. हात थांबला.

"भाऊजी, मंग हे त्यांना का न्हाई सांगितलं?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"आता मला सांगून काय उपेग? ज्यांच्या म्होरं तुमी बोलले, त्यांना सांगा. जा."

मी गेलो, प्रत्येक दारात. सदाशिव कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "कोणते बटाटे?" त्याची बायको आतून बोलली, "ते व्हय? ते तर थंडीनं गेल्ते ना?" दुसऱ्या घरी म्हणाले, "जाऊ द्या भाऊसाहेब, च्या घ्या." कोणाच्याच लक्षात नव्हतं. कोणी किसनला दोष देत नव्हतं, बहुधा दुसऱ्या वर्षापासूनच नाही.

परत आलो तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. "काय म्हणले?"

"ऐकून घेतलं सगळ्यांनी."

त्यांनी पदराने डोळे पुसले. "बरं झालं. सुटले बिचारे."

वहिनी, नातवाकडून हे वाचून घ्याल तेव्हा कळेल, की तेही मी खरं सांगितलं नाही. लोक विसरून गेले होते. ते ओझं किसन एकटाच वाहत होता, आणि दरवर्षी माझ्या दारात आणून विचारत होता, की आता तरी उतरवू का?

खड्डा अजून आहे. त्यावर गोणपाट, गोणपाटावर दगड, त्याने ठेवले तसेच. बाजारच्या दिवशी वहिनी गोणपाट बाजूला करतात आणि त्याच्या फावड्याने खत उलथतात. परवा न राहवून मी म्हणालो, "वहिनी, खत कधीच तयार झालंय. आता उलथायची गरज नाही."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या, आणि उलथत राहिल्या.